जावेपेक्षा बोटभर लांब दुर्बीण

पडदा वर जातो तेव्हा समोर म्हसवडच्या यात्रेतली एक गल्ली आहे. दिवस कलायला आला आहे. रथावर उधळलेल्या गुलालानं आभाळ मावळतीच्या आधीच तांबडं झालं आहे. डाव्या अंगाला भेळेची गाडी, उजव्या अंगाला पाळण्याचं कुरकुरणारं चाक. आणि मधोमध, जिथे सगळा उजेड एकवटावा तिथे, एक उभी फळी. फळीवर रांगेनं टाचलेले लाल, पिवळे, निळे फुगे. फळीपासून चार पावलांवर आडवा बाक, बाकावर छर्ऱ्याची बंदूक, आणि बंदुकीमागे कंबरेला पदर खोचून उभी असलेली सुलाबाई.

नायिका उभी आहे खरी, पण तिचं लक्ष आपल्या बाकाकडे नाही. ते आहे गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. तिथे अशीच एक फळी आहे, असेच फुगे आहेत, आणि इथे नाही अशी एक गोष्ट तिथे आहे. गर्दी.

ती दुसरी फळी मंगलची. मंगल म्हणजे सुलाबाईची धाकटी जाऊ.

"आवं," सुलाबाई मागे न बघता म्हणाली, "जरा जाऊन बघा की. फुकट काय वाटायला लागलीया का ती?"

मागे बसून फुगे भरणारा कोंडीबा, तिचा नवरा, हातातला पंप ठेवून गेला आणि परत आला तो भेळ खात खातच.

"बंदुकीवर दुर्बीण बसवलीया तिनं."

"कसली दुर्बीण?"

"मिलट्रीवाल्यांकडं असती तसली. काळीभोर. पोरं डोळा लावत्यात, एकमेकाचं फोटू काढत्यात. दिसतंय मातूर लय भारी, खोटं कशाला बोलू."

"भेळ कुनी दिली?"

कोंडीबाचा घास तोंडातच थांबला. "मंगलनं."

सुलाबाईनं तो भेळेचा कागद त्याच्या हातातून काढून घेतला आणि गाडीखाली बसलेल्या कुत्र्यापुढे ठेवला. कुत्र्यानं ती भेळ मिटक्या मारत खाल्ली. तिला कुत्र्याचाही राग आला.

हा राग आजचा नव्हता. मूळचं घर आटपाडीकडचं, मेंढरांचं. सासऱ्यानं मेंढरं विकून यात्रेतला हा धंदा उभा केला, दोन मुलगे आणि दोन सुना त्यात घातल्या. सगळं एका टेम्पोत, एका ताडपत्रीखाली चाललं होतं. मग धाकटा अर्जुना आणि मंगल वेगळे झाले. वाटणीला बंदुका दोन होत्या. एक जुनी, एक कोरी. सासरा म्हणाला, "धाकट्यांचा संसार नवा हाय, नवी त्यास्नी द्या." झालं. तेव्हापासून सुलाबाईच्या मनात एकच वाक्य कायमचं मुक्कामाला आलं. धाकटीला सरळ, थोरलीला वाकडी.

कारण जुनी बंदूक खरोखरच वाकडी होती. एकदा औंधला टेम्पो उतरवताना तिच्यावर लोखंडी खांब पडला आणि नळी केसभर वाकली. बघून कळत नसे. पण छर्रा डावीकडे, जरासा वर ओढायचा. समोरच्या लाल फुग्यावर नेम धरला तर त्याच्या डावीकडची फळी टोचली जायची. कोंडीबा तिला सरळ करून आणायला निघाला होता. सुलाबाईनंच अडवलं. कारण तेवढ्यात तिला त्या वाकडेपणाचा उपयोग सापडला होता.

ती कानात सांगायची.

नाटकात विंगेत उभा राहून नटाला विसरलेलं वाक्य पुरवणारा एक माणूस असतो. लोकांना तो दिसत नाही, टाळी नटाला मिळते. सुलाबाईचं काम अगदी तसलं होतं. छाती काढून येणारा, मित्रांना "बघा रं आता" म्हणणारा कोणी आला, की ती गप्प. त्यानं खुशाल फळी टोचावी. पण नवऱ्याच्या आग्रहानं लाजत पुढे आलेली नवी नवरी असली, नातवासमोर हात थरथरणारा म्हातारा असला, तर सुलाबाई बंदूक हातात देताना जरा वाकायची. "उजवीकडचा खालचा निळा बघ. नळीच्या टोकाचा मनी त्याच्यावर धर. लाल फुटंल." आणि लाल फुटायचा. त्या नवरीचा चेहरा असा उजळायचा की पुढच्या यात्रेला ती माहेरवाशिणीसारखी सुलाबाईचा बाक शोधत यायची.

एवढं सगळं असून आज गर्दी तिकडे होती.

रथ पुढे गेला, गल्ली रिकामी झाली, तेव्हा सुलाबाई सहज आल्यासारखी मंगलकडे गेली. सहज येणाऱ्या बाईनं पदर सावरून केसावर हात फिरवलेला नसतो, पण ते असो. मंगलनं तिला लांबून पाहिलं आणि आधी बंदुकीवर टॉवेल टाकला.

"या, अक्का. चा घ्या."

"नगं. आमचा झालाय." तो झाला नव्हता. "दुर्बीण घेतलीस म्हनं."

"घेतली की."

"सांगलीत बसवून आनली आसंल."

"छ्या! मीच बसवली." मंगल हसली. तिच्या गालाला पडणारी खळी ही सुलाबाईच्या डोळ्यांत फार वर्षं सलणारी आणखी एक गोष्ट. "काय आवघड न्हाई, अक्का. चुलीवर चा ठेवला, उकळंपतुर काम झालं."

सुलाबाईनं टॉवेलाकडे हात नेला. मंगलनं मधेच चहाचा कप पुढे केला.

यात्रा उठली, टेम्पो कुपवाडला परत आला. घराशी उतरताना सुलाबाई म्हणाली, "मला बी पायजे. अन् तिच्यापरास बोटभर लांब पायजे."

सांगलीतल्या दुकानदारानं बऱ्याच दुर्बिणी काढून दाखवल्या. सुलाबाईनं एकीतूनही पाहिलं नाही. तिनं प्रत्येकीची लांबी पंजानं मोजली. मंगलची दुर्बीण टॉवेलाखाली केवढी दिसत होती ते तिच्या बोटांना पाठ होतं. सगळ्यांत लांब निघाली ती तिनं पसंत केली. दुकानदार म्हणाला, "बंदूक घेऊन या, बसवून देतो."

"तिनं बसवून घेतली न्हाई," सुलाबाई म्हणाली. 'ती' कोण हे बिचाऱ्या दुकानदाराला काय माहीत?

कुपवाडला कारखान्यांच्या मागच्या अंगाला त्यांची खोली होती. दारात बाज होती, पलीकडे मोकळा प्लॉट आणि त्या टोकाला पडकी पाण्याची टाकी. कारखाना सुटला की कामगार याच वाटेनं दुचाकीवरून जात, आणि त्या दिवसांत जो जाई तो वेग कमी करून पाही. सुलाबाई बाजेवर मांडी घालून, बंदूक मांडीवर घेऊन बसलेली असे.

पहिल्या दिवशी तिनं चुलीवर खरोखरच चहा ठेवला.

खोक्यात दुर्बीण होती, तिला धरायच्या दोन लोखंडी कड्या होत्या, बारीक स्क्रू होते आणि एक वाकडी चावी. कड्यांच्या खाली जबडे. ते बंदुकीच्या पाठीवरच्या दोन खाचांत बसायला हवेत. सुलाबाईनं बंदूक उलटसुलट केली. खाचा कुठे होत्या? दर वर्षी दिवाळीला बंदुकीला तांबडा रंग द्यायची घरची रीत. वर्षानुवर्षांचे थर बसून पाठ कशी पुरणपोळीसारखी गुळगुळीत झाली होती. तिनं सुरीनं रंग खरवडायला घेतला. तांबड्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली परत तांबडा, मग सासऱ्याच्या हातचा निळा. चहा उकळला, उतू गेला, आटला. भांडं जळाल्याच्या वासानं कोंडीबा बाहेर आला.

"बसली का?"

"खाच घावलीया."

"मंगलचा चा मोठ्या भांड्यात आसंल," कोंडीबा म्हणाला, आणि बोलल्याबरोबर घरात गेला.

खाचा मोकळ्या झाल्यावर कड्या बसल्या. कड्यांत दुर्बीण बसली. मग सुलाबाईनं एका बाजूचे स्क्रू पिरगाळून घट्ट केले आणि डोळा लावला. आत एक बारीक काळी फुली दिसते, ती सरळ उभी असावी लागते. ती दारू प्यायल्यासारखी कलली होती. तिनं सैल केलं, सरळ धरलं, पुन्हा आवळलं. फुली पुन्हा कलली. स्क्रू आवळला की कडी दुर्बिणीला आपल्याबरोबर फिरवून घेऊन जायची. सुलाबाईला वाटलं, दुर्बिणीला सुद्धा मंगलनंच शिकवून पाठवलं आहे.

"चारी बाजूंनी थोडं थोडं आवळ की," दारातून कोंडीबा म्हणाला. "टेम्पोच्या चाकाचं नट आवळतो तसं. यो जरा, मग त्येच्या समोरचा जरा."

"मला ठावं हाय." तिला ठाऊक नव्हतं. पण तो आत गेल्यावर तिनं तसंच केलं.

राहिला प्रश्न सरळ म्हणजे नेमकं किती सरळ. त्यालाही तिनं युक्ती काढली. दारावर दोऱ्याला लिंबू-मिरची टांगलेली होती. दोरा आपल्या वजनानं सरळ लोंबतो, गवंड्याच्या ओळंब्यासारखा. तिनं बंदूक उशांमध्ये नीट बसवली, दुर्बिणीतून तो दोरा पाहिला, आणि फुलीची उभी रेघ दोऱ्याला अशी जुळवली की दोन्ही मिळून एकच झाली. लिंबू बरोबर फुलीच्या खाली बसलं. त्या क्षणी बाजेवर बसलेल्या सुलाबाईच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मंगलनं बघायला हवं होतं. तेवढ्यासाठी तिचा जीव तळमळला.

पण स्प्रिंगच्या बंदुकीचा स्वभाव वेगळा. ती उडताना आधी मागे लाथ मारते आणि लगेच पुढे. माणसाला ते फारसं जाणवत नाही, कड्यांना जाणवतं. सुलाबाई प्लॉटच्या टोकाच्या टाकीवर तेलाचा रिकामा डबा ठेवून छर्रे मारत होती, आणि मारता मारता दुर्बीण कड्यांसकट चोरपावलांनी मागे येत होती. शेवटी तिनं येऊन भुवईचा मुका घेतला. भुवई काळीनिळी झाली. शेजारणीनं विचारलं, तर म्हणाली, "दार लागलं." कोंडीबानं शेजारणीकडे केविलवाणं पाहिलं. नसता आळ त्याच्यावर आला होता.

तिनं कड्यांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. रबर दबलं आणि दुर्बीण आणखीच मोकळी फिरू लागली. रबर काढलं. छर्रे खाली जात होते. वरची चकती फिरवून नेम वर आणता येतो, हे तिनं शोधून काढलं होतं, पण चकती फिरून फिरून संपली तरी छर्रा डब्याच्या खालीच. मग तिनं डब्याचाच पत्रा कापून त्याची पट्टी मागच्या कडीत, दुर्बिणीच्या खाली सरकवली. दुर्बिणीचं तोंड जरासं खाली वाकलं, बंदुकीचं आपोआप वर झालं. छर्रा डब्यावर आला. बाजूची चकती फिरवून नळीचा डावा ओढासुद्धा मारला.

ठण्! डबा पडला. कोंडीबानं धावत जाऊन पुन्हा ठेवला. ठण्! पुन्हा पडला. वाटेवरच्या दुचाक्या थांबल्या. कोणीतरी शीळ वाजवली. जन्माची वाकडी बंदूक सुलाबाईच्या हातानं सरळ झाली होती. डोळा लावला की टाकीवर बसलेल्या पारव्याचं पीस न् पीस दिसत होतं.

आता ही परत हलता कामा नये, म्हणून तिनं शेवटचा हात फिरवला. नळाची गळती थांबवायला दोन रंगांच्या कांड्या मळून लावतात, ती पुट्टी तिनं कड्यांच्या भोवती, स्क्रूंच्या डोक्यांत, सगळीकडे चोपडली. सकाळपर्यंत तिचा दगड झाला.

"आता निघायची न्हाई ही," कोंडीबा बोटानं टकटक करत म्हणाला.

"काढायचीया कुनाला?"

पालीची यात्रा आली. खंडोबाचं लगीन, नदीच्या दोन्ही काठांना माणूस मावेना, आणि भंडारा असा उधळलेला की माणसं, बैल, टेम्पो, जिलेबी, सगळं एकाच पिवळ्या रंगाचं. सुलाबाईनं बाक मुद्दाम मंगलच्या समोरासमोर मांडला. मधे फक्त वाट. मंगलनं समोरच्या बंदुकीकडे पाहिलं. तिची नजर दुर्बिणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. बोटभर जास्तच जावं लागलं तिला. सुलाबाईनं ते पाहिलं आणि तिला गार वाटलं.

पहिली गर्दी सुलाबाईकडेच आली. पहिला मान फेटेवाल्या एका पोरानं घेतला. डोळा लावला, काढला, परत लावला.

"मावशी, आत धुकं पडलंय."

"भंडारा बसला आसंल." तिनं पदरानं काच पुसली.

"आजून धुकंच हाय."

त्यानं कसाबसा छर्रा मारला. तो खालच्या रांगेच्याही खाली गेला. दुसरा आला, त्यालाही धुकं. तिसऱ्यानं विचारलं, "मावशी, ह्यात फुगा कुठला आन् फळी कुठली?" पोरं खिदळली. सुलाबाईनं त्याला बाजूला सारून स्वतः डोळा लावला. समोरचा लाल फुगा लाल नव्हता, फुगा नव्हता. पाण्यात कुंकू सांडावं तसा एक डाग होता.

तिनं दुर्बीण वाटेपलीकडे, मंदिराच्या शिखराकडे वळवली. कळस लख्ख दिसला. त्यावरचा कावळासुद्धा.

कोंडीबाच्या ध्यानात आधी आलं. तो हळूच म्हणाला, "आगं, लांबचं दावाय केलीया ती. आपुन टाकीवर बघितलं. फुगं तर नाकासमोर हायती. जवळचं तिला दिसतच न्हाई."

फळी ताडपत्रीत गुंडाळून माळ्यावर होती, म्हणून तिनं सगळी परीक्षा टाकीवर घेतली होती. आणि चार पावलांवरच्या फुग्यासाठी दुर्बीण कशाला, हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता. मंगलकडे होती, एवढं कारण पुरेसं होतं.

तेवढ्यात एक नवरी आली. हिरवा चुडा, अंगभर भंडारा, नवऱ्याच्या मागे लपणारी. नवऱ्याचे सगळे छर्रे वाया गेले, मग त्यानं तिला पुढे ढकललं. तिनं बंदूक उचलली आणि घाबरून सुलाबाईकडे पाहिलं. ही नजर सुलाबाईच्या ओळखीची होती. ती सवयीनं वाकली, तिच्या कानाशी तोंड नेलं, आणि तिच्या तोंडून शब्द आला नाही. काय सांगणार? उजवीकडचा निळा दिसत नव्हता. नळीच्या टोकाचा मणी दुर्बिणीनं झाकला होता. विंगेत उभं राहावं आणि हातातलं नाटकाचं पुस्तकच कोरं निघावं, तशी ती नुसती वाकलेली राहिली.

छर्रा फळीत रुतला. नवरीनं बंदूक खाली ठेवली. "चल, तकडं बघू," नवरा म्हणाला, आणि दोघं वाट ओलांडून मंगलकडे गेले. तिथे लगेच फट् आवाज झाला आणि ती नवरी टाळ्या पिटत हसली.

मग मात्र सुलाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. दुर्बीण काढून फेकावी म्हटलं, तर तिचा दगड झालेला. तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला, वाट ओलांडली आणि मंगलच्या गर्दीत घुसली. गर्दी रेटत थेट बाकाशी गेली.

"अक्का?" मंगलनं तिला ओळखलं आणि तिचा हात बंदुकीकडे धावला. "तुमी कशाला... थांबा, मी टॉवेल..."

पण बंदूक सुलाबाईच्या हातात होती. तिनं डोळा लावला. लाल फुगा लख्ख. त्याच्या गाठीचा दोरासुद्धा दिसत होता. म्हणजे हिच्या दुर्बिणीला जवळचंही दिसतं! सासऱ्यानं हिला सरळ बंदूक दिली, देवानं खळी दिली, आणि दुकानदारानं दुर्बीणही चांगली दिली! काच तरी कसली आहे बघावी, म्हणून तिनं डोळा न काढता दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बोट ठेवलं.

बोट आत गेलं.

भंडाऱ्यानं पिवळं झालेलं आपलंच बोट तिला आतून दिसलं. तिनं ते हलवून पाहिलं. आत तेही हललं. काच नव्हती. पुढे नव्हती, मागे नव्हती. नुसती काळी नळी होती.

सुलाबाईनं मान वर केली. मंगलचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय मावशी," मागून एक गॉगलवाला तरणा ओरडला, "कशी हाय दुर्बीण? तुमच्याहून भारी हाय न्हव?"

आजूबाजूची सगळी माणसं तिच्या तोंडाकडे बघू लागली. एक शब्द पुरे होता. सगळ्या वर्षांचा हिशेब त्या एका शब्दात चुकता झाला असता, आणि मंगलला पुढच्या कुठल्याही यात्रेत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. तो शब्द सुलाबाईच्या जिभेच्या टोकावर येऊन बसला. तिनं मंगलकडे पाहिलं. खळी कुठल्या कुठे गेली होती. लग्नानंतर पहिल्याच यात्रेत याच बंदुकीच्या धंद्यात गोंधळून उभी राहिलेली मुलगी तेवढी शिल्लक होती.

"लय भारी हाय, बाबा," सुलाबाई म्हणाली. "पार आरपार दिसतंय."

मंगलनं तिचा हात धरला आणि तिला ओढतच ताडपत्रीच्या मागे नेलं.

"अक्का, पाया पडते, कुनाला सांगू नगा."

"चा उकळंपतुर बसवलीस व्हय गं?"

"बसवाय म्हैना गेला. खाच झिजली, भुवई फुटली. ही बघा आजून खून हाय." मंगलनं केस मागे सारले. भुवईवर सुलाबाईच्या भुवईसारखाच डाग होता. "अन् फळीसमोर उभी ऱ्हायले तर आत नुसता डाग. तवा रागानं खिळा घेतला. चा उकळंपतुर काचा तेवढ्या फोडल्या, अक्का."

"पर तुला दुर्बीण पायजेच कशाला झालती? तुजी बंदूक सरळ हाय. मामंजींनी तुला सरळ दिली."

"तेच तर!" मंगलच्या डोळ्यांत पाणी आलं. "सरळ बंदुकीत कानात सांगाय काय आसतंय? फुगा फुटला की मानूस निघून जातो, माजं नाव बी इचारत न्हाई. अन् माज्या बाकावर उभं ऱ्हाऊन बाया इचारत्यात, ती कानात सांगनारी मावशी कुठं बसली? मला बी तुमीच सांगितलं हुतं, पैल्या यात्रेला. ते माज्या आजून कानात हाय. मला काय कमी जळाय हुतंय, अक्का?"

इतकी वर्षं आपण एकटीच जळतोय असं सुलाबाईला वाटत होतं. तिनं पदर ठीक केला.

"काय म्हनालीस?"

"जळाय हुतंय म्हनलं."

"कुनाला?"

"मला."

"कुनावर?"

"आवं, तुमच्यावर!"

"बरं," सुलाबाई म्हणाली. तोंडात गुळाचा खडा ठेवावा तशी ती ते ऐकत राहिली.

ती आपल्या बाकाशी परतली, बंदूक ताडपत्रीच्या आडोशाला नेली आणि कोंडीबाकडे खिळा आणि हातोडी मागितली. "आगं, आगं, केवढी नवी वस्तू!" असं तो म्हणेपर्यंत पुढची काच गेली होती. मग मागची, मग आतल्या. चुरा तिनं कागदात झाडून घेतला, बंदूक परत बाकावर आणली आणि डोळा लावला. पत्र्याच्या पट्टीनं दुर्बिणीचं तोंड आधीच खाली वाकलं होतं. नळीच्या टोकाचा जुना मणी त्या पोकळीत नेमका येऊन उभा राहिला होता, आणि मण्याच्या पलीकडे उजवीकडचा खालचा निळा फुगा.

दिवस मावळायच्या आत समोरासमोर दोन गर्द्या जमल्या. गॉगलवाला सुलाबाईकडे आला, बोटभर लांब दुर्बिणीतून बघून "कडक!" म्हणाला आणि फळी टोचून गेला. त्याला ती काही बोलली नाही. एका म्हाताऱ्याला मात्र वाकून बोलली.

मग वाट ओलांडून मंगल आली. बाकाशी उभी राहिली, बंदूक उचलली. जमलेल्यांत कुजबुज झाली, कारण दोघी जावा आहेत आणि दोघींचं पटत नाही, हे यात्रेतल्या प्रत्येक दुकानाला माहीत होतं. मंगलनं लाल फुग्यावर सरळ नेम धरला. छर्रा डावीकडे फळीत गेला. पुन्हा धरला, पुन्हा गेला. कोणीतरी हसलं. मंगलनं बंदूक तशीच धरून मान वळवली.

"अक्का, कुठं धरू?"

सुलाबाई वाकली. तिच्या कानाशी तोंड नेऊन तिनं जे सांगायचं ते सांगितलं. ते दोघींखेरीज कोणाला ऐकू गेलं नाही. मग ती सरळ झाली, कंबरेवर हात ठेवला, समोरच्या मंगलच्या बाकाकडे एकदा पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली,

"आनि फुगा फुटला की समद्यास्नी ऐकू जाईल आसं म्हनायचं, मंगल, 'अक्काच्या दुर्बिणीतनं माज्यापरास साफ दिसतंय!'"